पोलादी वादळाचा लेखक : एर्न्स्ट युंगर

जर्मनीतल्या मारबाख गावच्या साहित्य-अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातल्या पंधरा वह्या जपून ठेवलेल्या आहेत. विशीतल्या एका पायदळी सैनिकाने आघाडीवर असताना जवळजवळ चार वर्षं त्यांत नोंदी केल्या. गोळा कुठे पडला, कोण गेलं, जेवायला काय मिळालं, रात्रीच्या पहाऱ्यावर समोरून कसले आवाज आले, सगळं त्यांत आहे. त्यातली एक वही मात्र वेगळी आहे. तिच्यात १९१६ साली उत्तर फ्रान्समधल्या दूशी गावाजवळच्या खंदकांत सापडलेल्या भुंगेऱ्यांची यादी आहे, लॅटिन नावांनिशी. तोफांच्या माऱ्यात हा पोरगा किडे गोळा करत होता आणि त्यांचं वर्गीकरणही करत होता.

त्याचं नाव एर्न्स्ट युंगर. १८९५ साली जन्मलेला हा लेखक १९९८ साली, १०२ वर्षांचा होऊन गेला. कैसरचं साम्राज्य, वायमार प्रजासत्ताक, हिटलरची राजवट, देशाची फाळणी आणि पुन्हा झालेलं एकीकरण, एवढं सगळं त्याने पाहिलं. विसाव्या शतकातल्या जर्मन लेखकांपैकी फार थोड्यांवर इतका वाद झाला असेल. काही म्हणतात, नाझींसाठी जमीन नांगरून देणाऱ्यांत तो पुढे होता. काही म्हणतात, हिटलरच्या राज्यात राहून जुलमी सत्तेवर कादंबरी छापण्याची छाती त्याने दाखवली. दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. म्हणून सोयीचं वर्ष तेवढं उचलून भागत नाही. हे आयुष्य सुरुवातीपासून क्रमानेच पाहावं लागतं.

घरातून पळालेला मुलगा

युंगरचा जन्म २९ मार्च १८९५ रोजी हायडेलबर्गला झाला आणि बालपण हॅनोव्हर व रेहबुर्ग भागात गेलं. वडील रसायनशास्त्र शिकलेले, औषधांच्या व्यवसायात चांगला पैसा कमावलेले. घरात पुस्तकांची रेलचेल होती आणि मुलांना किडे पकडण्याचा नाद वडिलांनीच लावला. शाळेत मात्र एर्न्स्टचं मन रमेना. एकामागून एक शाळा बदलल्या. वर्गात बसून तो आफ्रिकेची स्वप्नं पाहायचा.

हा एकट्याचा स्वभाव नव्हता. १९०० ते १९१४ या काळात जर्मनीतल्या खात्यापित्या घरांतली कितीतरी मुलं अशीच कंटाळलेली होती. देश श्रीमंत होत होता, घरं सुरक्षित होती, पुढचं आयुष्य आखून ठेवलेलं होतं आणि नेमका त्याचाच त्यांना उबग आला होता. पाठीवर पिशवी टाकून रानोमाळ भटकणाऱ्या तरुणांची ‘वांडरफोगेल’ नावाची चळवळ याच असमाधानातून उभी राहिली. युंगरही तिच्यात होता.

१९१३ च्या हिवाळ्यात तो घरातून पळाला, थेट फ्रान्समधल्या व्हर्दंला गेला आणि फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये भरती झाला. तिथून त्याची रवानगी अल्जीरियातल्या सिदी बेल अब्बेसच्या छावणीत झाली. छावणीतूनही त्याने मोरोक्कोच्या दिशेने पळ काढला आणि पकडला गेला. शेवटी वडिलांनी परराष्ट्र खात्यामार्फत खटपट करून त्याला सोडवून आणलं. मुलाला फैलावर घेण्याऐवजी त्यांनी करार केला: आधी शालान्त परीक्षा दे, मग किलिमांजारोच्या मोहिमेवर जा. ती मोहीम कधी निघालीच नाही. १९१४ चा ऑगस्ट उजाडला आणि युद्ध सुरू झालं. घाईघाईने घेतलेली परीक्षा देऊन एकोणीस वर्षांचा युंगर स्वयंसेवक म्हणून हॅनोव्हरच्या ७३ व्या फ्युझिलिअर रेजिमेंटमध्ये दाखल झाला. या रेजिमेंटच्या बाहीवर ‘जिब्राल्टर’ अशी पट्टी असे. अठराव्या शतकात हॅनोव्हरच्या सैनिकांनी इंग्रजांच्या बाजूने जिब्राल्टरचा किल्ला राखला होता, त्याची ती खूण. तीच पट्टी लावून आता इंग्रजांशी लढायचं होतं.

चार वर्षं खंदकात

१९१४ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो शांपान्य भागातल्या ओरेनव्हिल गावी पोहोचला. पहिल्याच सकाळी फ्रेंचांचा गोळा येऊन पडला आणि रक्तबंबाळ माणसं समोरून नेली जाताना त्याने पाहिली. शौर्याच्या ज्या कल्पना घेऊन ही मुलं आली होती, त्यांत न दिसणाऱ्या शत्रूने मैलभरावरून मारण्याला जागा नव्हती. एप्रिल १९१५ मध्ये लेझ एपार्ज इथे त्याच्या मांडीला पहिली जखम झाली. बरा होऊन परतला तो अधिकारी होण्याचं शिक्षण घेऊनच.

१९१६ च्या उन्हाळ्यात सोमची लढाई पेटली. युंगरची तुकडी गीयमों गावाच्या बचावासाठी गेली. गाव नकाशावर होतं, जमिनीवर फक्त खड्डे उरले होते. तिथे त्याच्या पायाला जखम झाली आणि त्याला मागे नेण्यात आलं. तो इस्पितळात असतानाच इंग्रजांचा हल्ला आला आणि मागे राहिलेली त्याची तुकडी जवळजवळ पूर्ण नष्ट झाली. केवळ एका जखमेमुळे आपण उरलो, ही जाणीव त्याच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते.

जून १९१७ मधला एक प्रसंग आपल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. युंगर वीसेक माणसं घेऊन पुढच्या चौकीवर पहाऱ्याला होता. रात्री अंधारातून चाल झाली, जवळून गोळीबार आणि हातबाँबची फेकाफेक झाली. हल्लेखोर हटल्यावर गवतात पडलेली जखमी माणसं दिसली, ती हिंदुस्थानी होती. युंगरने त्यांची नोंद राजपूत अशी केली आहे. फ्रेंचच्या तुटक्या शब्दांत ‘इंग्रज वाईट’ असं सांगून ते दयेची याचना करत होते. हजारो मैलांचा समुद्र ओलांडून आलेली ही माणसं फ्रान्समधल्या एका ओसाड शेतात हॅनोव्हरच्या शिपायांसमोर येऊन पडावीत, याचं त्याला नवल वाटलं आणि ते त्याने लिहून ठेवलं. साम्राज्यासाठी परक्या मातीत मेलेल्या आपल्या शिपायांचं दर्शन अशा रीतीने शत्रूच्या पुस्तकातून होतं. त्यांची नावं मात्र त्यात नाहीत.

त्याच वर्षी लांगमार्कच्या लढाईत त्याला आपला धाकटा भाऊ फ्रीडरिश गेओर्ग एका आसऱ्यात गंभीर जखमी अवस्थेत सापडला. युंगरने माणसं देऊन त्याला ताडपत्रीच्या झोळीतून मागे पोहोचवलं. हा भाऊ वाचला आणि पुढे नामवंत कवी झाला.

२१ मार्च १९१८ रोजी जर्मनीने पश्चिम आघाडीवर शेवटचा मोठा हल्ला चढवला. त्याच्या दोनच दिवस आधी, रात्रीच्या वेळी एक गोळा युंगरच्या कंपनीच्या मधोमध फुटला. दीडशे माणसांपैकी साठ-पासष्टच धड राहिली. आपण क्षणभर भांबावून पळालो, परत आलो आणि माणसांसमोर रडलो, हे त्याने लपवलेलं नाही. हल्ल्याच्या दिवशी मात्र तो बेभान होऊन पुढे धावत होता. वाटेत एक जखमी इंग्रज अधिकारी सापडला. युंगरने पिस्तूल त्याच्या डोक्याला लावलं. त्या माणसाने खिशातून एक छायाचित्र काढून समोर धरलं, त्यात तो आपल्या कुटुंबासोबत उभा होता. युंगरने पिस्तूल खाली केलं आणि तो पुढे गेला. त्याच दिवसांत त्याने एका कोवळ्या इंग्रज पोराला गोळी घातली आणि नंतर परत येऊन त्याचा चेहरा निरखून पाहिला. त्या पोराची आठवण पुढे कित्येक वर्षं त्याच्या मनातून गेली नाही.

ऑगस्ट १९१८ मध्ये गोळी फुप्फुसातून आरपार गेली. त्याला पाठीवर घेऊन धावणाऱ्या सैनिकाच्या डोक्यात गोळी लागली. दुसऱ्याने त्याला उचलून मागे आणलं. चार वर्षांत चौदा वेळा जखमी होऊनही तो जिवंत राहिला. सप्टेंबर १९१८ मध्ये प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान ‘पूर ल मेरिट’ त्याला मिळाला. पायदळातल्या साध्या लेफ्टनंटला हा सन्मान फार क्वचित दिला जाई. युंगर तेव्हा तेवीस वर्षांचा होता. सात आठवड्यांत जर्मनी युद्ध हरली.

वह्यांचं पुस्तक झालं

१९२० साली त्याने वह्यांवरून ‘इन श्टालगेविटर्न’, म्हणजे ‘पोलादी वादळात’, हे पुस्तक तयार केलं. पदरच्या पैशाने ते छापलं, प्रकाशक म्हणून घरच्या माळ्याचं नाव टाकलं आणि दोन हजार प्रती काढल्या. लवकरच बर्लिनच्या एका लष्करी प्रकाशकाने ते हाती घेतलं आणि पुस्तक गाजलं.

युद्धावरची पुस्तकं त्या दशकात शेकड्यांनी आली. १९२९ साली आलेल्या रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ने युद्ध म्हणजे एका पिढीची कत्तल असं सांगितलं आणि जग हेलावलं. युंगरच्या पुस्तकात असा आक्रोश नाही. युद्ध का झालं, कुणाच्या चुकीमुळे झालं, हा प्रश्नच तो विचारत नाही. शत्रूबद्दल द्वेष नाही, उलट आदर आहे. फुटलेली कवटी, कुजणारी प्रेतं आणि फुलांवर आलेलं झाड तो सारख्याच बारकाईने रंगवतो. आणि हल्ल्याच्या क्षणी अंगात संचारणारी धुंदीही तो लाज न बाळगता मांडतो. आंद्रे जीदसारख्या फ्रेंच लेखकालाही हे युद्धावरचं सर्वांत सुंदर पुस्तक वाटलं. त्याच्या विरोधकांना नेमकं हेच सौंदर्य खटकतं.

पण वही आणि पुस्तक एक नव्हे. २०१० मध्ये मूळ वह्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांत थकलेला, वैतागलेला, हे युद्ध कधी एकदा संपतंय असं चिडून लिहिणारा युंगरही सापडला. पुस्तकात त्याला जागा मिळालेली नव्हती. शिवाय पुस्तकही एकसारखं राहिलं नाही. १९२४ च्या आवृत्तीत त्याने राष्ट्रवादाचा रंग गडद केला आणि शेवटी जर्मनीच्या अमरत्वाची घोषणा घातली. १९३४ मध्ये, जेव्हा अशा घोषणांना देशात सर्वांत जास्त भाव होता, तेव्हा त्याने ती काढून टाकली. त्यानंतरही तो दशकानुदशकं या पुस्तकावर हात फिरवत राहिला. डोळ्यांनी टिपलेलं एक आणि जगापुढे ठेवलेलं दुसरं, हा प्रकार त्याच्या आयुष्यात इथून सुरू होतो. त्याच्यावरच्या वादाचं मूळही इथेच आहे.

प्रजासत्ताकाचा शत्रू

व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या सैन्याला एक लाखाची मर्यादा घातली. त्या छोट्या सैन्यात युंगर १९२३ पर्यंत राहिला आणि मग नोकरी सोडून लायप्झिगला प्राणिशास्त्र व तत्त्वज्ञान शिकू लागला. १९२५ मध्ये त्याने ग्रेटा फॉन याइन्सेनशी लग्न केलं. याच वर्षांत तो राजकीय लेखक झाला.

तो काळ आठवावा. पराभवाचा अपमान, नुकसानभरपाईचं ओझं, १९२३ च्या महागाईत मातीमोल झालेलं चलन, रस्त्यावर डाव्या-उजव्यांच्या मारामाऱ्या. संसदीय प्रजासत्ताक नुकतंच जन्मलेलं, आणि त्याच्या पाठीशी उभं राहणारी शिकलेली माणसं मोजकी. युद्धातून परतलेल्या तरुणांना खंदकातली बरोबरी आणि बंधुभाव खरा वाटत होता, मतदानाचं राजकारण क्षुद्र वाटत होतं. युंगर त्यांचा आवाज बनला. ‘श्टांडार्ट’, ‘आर्मिनिउस’, ‘व्हिडरश्टांड’ अशा राष्ट्रवादी नियतकालिकांत त्याने दीडशेच्या आसपास लेख लिहिले. सप्टेंबर १९२३ मध्ये नाझींच्या मुखपत्रात लिहिताना त्याने खऱ्या क्रांतीचा झेंडा स्वस्तिकाचा आणि तिचं रूप हुकूमशाहीचं असेल, असं म्हटलं. १९२६ मध्ये आपलं एक पुस्तक ‘राष्ट्रीय नेता’ अशी अर्पणाक्षरं लिहून हिटलरला पाठवलं. १९३० मध्ये ज्यूंच्या प्रश्नावरच्या लेखात ज्यूंना जर्मन होता येईल हा भ्रम आता सोडावा लागेल, असं त्याने बजावलं. तेव्हा सत्ता नाझींच्या हाती नव्हती आणि त्याच्यावर कुणाचंही दडपण नव्हतं. हे शब्द त्याने स्वखुशीने लिहिले.

१९३० च्या ‘सर्वंकष सज्जता’ या निबंधात त्याने ओळखलं की पुढचं युद्ध फक्त सैनिकांचं नसेल. कारखाने, रेल्वे, शेतं, घरातली बाई, सगळी शक्ती एकाच कामाला जुंपली जाईल, आणि शांततेतही राष्ट्रं तशीच चालतील. १९३२ च्या ‘कामगार’ या ग्रंथात व्यक्तिस्वातंत्र्याचं युग संपल्याचं त्याने जाहीर केलं. निदान अचूक होतं. भयंकर गोष्ट अशी की हे येणारं जग रोखावं असं त्याला वाटलं नाही. त्याने त्याचं स्वागत केलं. वॉल्टर बेंजामिन या ज्यू विचारवंताने १९३० मध्येच युंगरने संपादित केलेल्या एका संग्रहावर लिहिताना इशारा दिला होता की युद्धाची ही पूजा म्हणजे जर्मन फॅसिझमचं तत्त्वज्ञान आहे. दहा वर्षांनी हाच बेंजामिन नाझींपासून पळताना स्पेनच्या सरहद्दीवरच्या पोर्तबोऊ गावी मरण पावला. त्याने आत्महत्या केली होती.

सत्तेपासून चार हात दूर

इथे कथेला वळण लागतं. नाझी पक्षाने संसदेत जागा देऊ केली, ती युंगरने नाकारली. हिटलर सत्तेवर आल्यावर लेखकांच्या अकादमीत निवड झाली, तीही १९३३ मध्ये नाकारली. नाझी मुखपत्राने न विचारता त्याचा मजकूर छापला, तेव्हा त्याने निषेधाचं पत्र लिहिलं. १९३३ मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. त्यांना एरिश म्यूजाम या अराजकवादी ज्यू लेखकाशी असलेल्या पत्रव्यवहाराचा माग काढायचा होता. म्यूजामचा पुढच्या वर्षी छळछावणीत खून झाला. युंगरने आपली कागदपत्रं जाळली आणि बर्लिन सोडून गोसलारसारख्या लहान गावी बिऱ्हाड हलवलं.

नाझींपासून तो दूर का गेला? लोकशाहीचा त्याला पुळका आला म्हणून नव्हे. निवडणुका लढवणारा, जमावाच्या टाळ्यांवर जगणारा पक्ष त्याला हलक्या दर्जाचा वाटला. त्यांचा वंशवादी जीवशास्त्राचा बडेजाव त्याला पटला नाही. प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाला त्यातला पोकळपणा दिसत होता. पुढे त्यांचं खुनशीपणही दिसलं आणि तिटकारा नैतिक झाला. सुरुवात मात्र उमरावी तिरस्काराची होती, हे विसरता येत नाही.

१९३९ मध्ये आलेली ‘संगमरवरी कड्यांवर’ ही कादंबरी याच तिटकाऱ्यातून आली. समुद्रकाठच्या सुसंस्कृत प्रदेशात दोन भाऊ वनस्पतींचा अभ्यास करत राहतात. जंगलातून मुख्य वनाधिकारी नावाचा जुलमी माणूस हळूहळू भीती पेरत येतो. एका मोकळ्या जागी त्याच्या लोकांचं कातडी सोलण्याचं घर भावांच्या नजरेस पडतं. वाचकांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. पक्षातल्या काहींनी कारवाईची मागणी केली. हिटलरने ती होऊ दिली नाही, असं नंतर सांगितलं गेलं. पहिल्या युद्धातला सन्मानित वीर हीच त्याची ढाल होती. ती ढाल सर्वांकडे नव्हती. त्याचा मित्र एर्न्स्ट नीकिश १९३७ मध्ये पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली आणि १९४५ मध्ये सुटला तेव्हा तो जवळजवळ आंधळा झाला होता.

पॅरिसमधला कॅप्टन

दुसऱ्या महायुद्धात युंगर पुन्हा गणवेशात आला, आता कॅप्टन म्हणून. १९४१ पासून तो व्याप्त पॅरिसमध्ये लष्करी मुख्यालयात होता. काम हॉटेल माजेस्टिकमध्ये, मुक्काम हॉटेल राफाएलमध्ये. फावल्या वेळात तो जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळायचा, कॉक्तोला भेटायचा, पिकासोच्या चित्रशाळेत जायचा.

२९ मे १९४१ रोजी एका फरारी जर्मन सैनिकाला गोळ्या घालण्याच्या कामावर देखरेख करण्याचा हुकूम त्याला मिळाला. आजाराचं निमित्त करून टाळावं असं मनात आलं होतं, पण तो गेला आणि त्यामागे कुतूहलही होतं, हे त्याने स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलं. आधीच्या गोळ्यांनी चाळण झालेलं झाड, छातीवर लावलेला कागद, माणसाच्या गालाभोवती घोंगावणारी माशी, सगळं त्याने टिपलं. ही नोंद वाचून काहींना त्याच्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो, काहींच्या अंगावर काटा येतो.

ऑक्टोबर १९४१ मध्ये नांत शहरात जर्मन लष्करी अधिकारी कार्ल होत्झचा खून झाला आणि सूड म्हणून फ्रेंच ओलिसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत सतरा वर्षांचा गी मोके होता. पॅरिसमधले सेनाधिकारी आणि बर्लिन यांच्यात ओलिसांवरून झालेल्या ओढाताणीचा वृत्तान्त लिहिण्याचं काम युंगरकडे आलं. मरणाऱ्यांनी घरच्यांना लिहिलेली अखेरची पत्रं त्याने जर्मनमध्ये उतरवली.

७ जून १९४२ रोजी पॅरिसच्या र्‍यू रोयालवर त्याला छातीवर पिवळा तारा लावलेल्या तीन मुली दिसल्या. ज्यूंवर ही सक्ती त्याच दिवशी लागू झाली होती. आपल्या अंगावरच्या गणवेशाची लाज वाटली, असं त्याने लिहिलं. जुलैमध्ये पॅरिस परिसरात सुमारे तेरा हजार ज्यूंची धरपकड झाली. आईबापांपासून मुलं तोडली जात असल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. त्या वर्षाच्या अखेरीस तो कॉकेशसच्या आघाडीवर गेला. तिथे सेनाधिकाऱ्यांच्या तोंडून सामूहिक हत्याकांडांच्या हकिगती त्याच्या कानी आल्या. ज्या शस्त्रांची, पदकांची चमक एके काळी आपल्याला एवढी प्रिय होती, त्यांचीच आता किळस येते, अशा अर्थाची कबुली त्याने तिथे दिली. ‘पोलादी वादळात’च्या लेखकाच्या तोंडी हे शब्द येणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण पॅरिसला परतल्यावर त्याचं जगणं तसंच चालू राहिलं: मेजवान्या, पुस्तकं, भुंगेरे. २७ मे १९४४ च्या नोंदीत तो राफाएलच्या गच्चीवर उभा राहून, हातात स्ट्रॉबेऱ्या घातलेल्या बर्गंडीचा पेला घेऊन मित्रराष्ट्रांचा हवाई हल्ला पाहतो आणि शहराचं सौंदर्य वाखाणतो. हे दृश्य त्याने शब्दांतच रचलं असावं, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. रचलं असेल तर स्वतःला जगापुढे कसं उभं करायचं, हे त्यानेच ठरवलं, एवढं तरी त्यातून कळतंच.

हिटलरविरोधी कटाची पॅरिस शाखा याच मुख्यालयात होती. कटातले लोक युंगरचे स्नेही होते. लेफ्टनंट कर्नल फॉन होफाकर त्याच्याशी मोकळेपणी बोलला होता. युद्धानंतरच्या युरोपातल्या सलोख्याबद्दल युंगरने लिहिलेला ‘शांतता’ हा निबंध गुपचूप हातोहात फिरत होता. पण राजकीय हत्येवर त्याचा विश्वास नव्हता आणि कटात तो उतरला नाही. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारण्याचा प्रयत्न झाला तेव्हा पॅरिसमध्ये नाझींच्या एसएस दलाचे हजाराहून अधिक लोक काही तास कैदेत टाकले गेले. हिटलर वाचल्याचं कळल्यावर सगळं कोसळलं. सेनापती कार्ल-हाइन्रिश फॉन श्ट्युल्पनागेलने व्हर्दंजवळ स्वतःवर गोळी झाडली, त्यात तो आंधळा झाला आणि त्याच अवस्थेत ३० ऑगस्टला त्याला फाशी दिलं गेलं. युंगरला शरद ऋतूत सैन्यातून मोकळं करण्यात आलं.

एर्न्स्टेल

लेखकाचा थोरला मुलगा एर्न्स्टेल सतरा वर्षांचा असताना नौदलाच्या सेवेत होता. १९४४ च्या सुरुवातीला मित्रांमध्ये हिटलरविरुद्ध बोलल्याबद्दल त्याला अटक झाली. देशद्रोहाचा आरोप म्हणजे जिवावरचं संकट. युंगर गळ्यात ‘पूर ल मेरिट’ घालून अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवू लागला. मुलगा सुटला, पण आघाडीवर पाठवला गेला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी इटलीत, संगमरवराच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कारारा भागात, तो मारला गेला. वय अठरा. जानेवारीत बातमी घरी पोहोचली.

त्यानंतरच्या नोंदींत युंगरची भाषा प्रथमच उघडी पडते. लाखो घरांवर जे कोसळलं होतं, ते आता त्याच्या घरावर कोसळलं होतं. एप्रिल १९४५ मध्ये किर्शहोर्स्ट गावच्या नागरी दलाचा प्रमुख म्हणून त्याने प्रतिकार न करण्याचा आणि रणगाड्यांसाठीचे अडथळे उघडण्याचा हुकूम दिला. गाव वाचलं.

शेवटचं अर्धशतक

जेत्यांनी प्रत्येक जर्मनाला नाझी काळातल्या वर्तनाबद्दल प्रश्नावली भरायला लावली. युंगरने ती भरायला नकार दिला. त्यामुळे १९४९ पर्यंत त्याच्या लेखनावर बंदी होती. बंदी उठताच दुसऱ्या युद्धाच्या रोजनिश्या प्रसिद्ध झाल्या आणि वाद नव्याने पेटला. १९५० मध्ये तो दक्षिणेतल्या विल्फ्लिंगेन खेड्यात राहायला गेला आणि पुढे तिथल्या श्टाउफेनबर्ग घराण्याच्या जुन्या वनाधिकारी-निवासात अखेरपर्यंत राहिला. ‘काचेच्या मधमाश्या’ या १९५७ च्या कादंबरीत त्याने छोट्या उडत्या यंत्रांची कल्पना केली. आज ड्रोन पाहताना ती आठवते. एलएसडीचा शोध लावणाऱ्या अल्बर्ट होफमनसोबत त्याने त्या द्रव्याचे प्रयोग स्वतःवर केले. भुंगेऱ्यांचा संग्रह चाळीस हजारांच्या घरात गेला. १९१० मध्ये पाहिलेला हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये आग्नेय आशियात जाऊन पुन्हा पाहिला.

१९८२ मध्ये फ्रांकफुर्ट शहराने त्याला गटे पुरस्कार जाहीर केला तेव्हा निदर्शनं झाली. त्याने लोकशाहीची थट्टा केलेली वाक्यं लोक वाचून दाखवत होते. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, फ्रान्सचे मितराँ आणि जर्मनीचे कोल यांच्यासोबत तो व्हर्दंच्या स्मृतिसोहळ्याला हजर होता. दोघेही नेते १९९३ मध्ये त्याच्या घरी विल्फ्लिंगेनला आले. १७ फेब्रुवारी १९९८ रोजी तो वारला.

हिशेब कसा मांडायचा

युंगरने हिटलर घडवला नाही. हिटलरला मतं मिळाली ती बेकारीतून, महागाईच्या आठवणीतून, तहाच्या अपमानातून आणि मंदीतून. १९३२ मध्ये साठ लाख जर्मन बेकार होते. त्यांतल्या किती जणांनी युंगरचे निबंध वाचले असतील? पण राजवटी केवळ मतांनी कोसळत नाहीत. त्यांना वाचवायला कुणी उभं राहत नाही तेव्हा त्या कोसळतात. वायमार प्रजासत्ताकाची लाज वाटणं, त्याची टिंगल करणं, हुकूमशाहीत काहीतरी भव्य पाहणं, हे सुशिक्षित तरुणांत प्रतिष्ठेचं झालं होतं. त्या तिरस्काराला सुंदर भाषा देण्याचं काम युंगरने दहा वर्षं केलं. बेंजामिनला हे १९३० मध्येच दिसलं होतं, म्हणजे ते दिसणं अशक्य नव्हतं.

त्या लेखांबद्दल युंगरने कधी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला नाही. आपल्या समग्र ग्रंथावलीत त्याने ते घेतलेच नाहीत. त्याच्या मृत्यूनंतर, २००१ मध्ये, अभ्यासकांनी ते एकत्र छापले. पुस्तकांच्या आवृत्त्या आयुष्यभर बदलणाऱ्या लेखकाने हा भाग मात्र दुरुस्त केला नाही, नुसता वगळला. माझ्या मते त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप हाच आहे, आणि त्याच्या चाहत्यांनीही तो टाळू नये.

दुसऱ्या पारड्यात टाकायला तितकंच वजनदार आहे. त्याने पदं नाकारली, हुकूमशाहीवर कादंबरी लिहिली, ओलिसांची पत्रं जपली, पिवळ्या ताऱ्यासमोर लाज वाटल्याचं लिहिलं, एक गाव वाचवलं. युद्धाचा अनुभव त्याच्याइतक्या स्वच्छ नजरेने फार थोड्यांनी मांडला. पहिलं महायुद्ध शिपायाला आतून कसं दिसलं हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याला हे पुस्तक वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. ते रेमार्कच्या शेजारी ठेवून वाचावं, कारण एकाने जे सांगितलं ते दुसऱ्याने गाळलं.

‘तो नाझी नव्हता’ हे युंगरबद्दलचं विधान खरं आहे आणि अपुरंही आहे. १९२५ ते १९३२ या वर्षांत जर्मनीला गरज होती ती दुबळ्या, सदोष, कंटाळवाण्या लोकशाहीची बाजू घेणाऱ्या लेखकांची. युंगरकडे प्रतिभा होती, वाचक होते, रणांगणावर सिद्ध झालेलं धैर्य होतं. चौदा जखमा झेललेल्या माणसाला भित्रा म्हणण्याची कुणाची हिंमत झाली नसती. प्रजासत्ताकाच्या बाजूने तो बोलला असता तर त्याच्या पिढीने ऐकलं असतं. तो बोलला विरुद्ध बाजूने. पुढे त्याला जे दिसलं आणि सोसावं लागलं, त्याने त्याची नजर बदलली, पण तोवर बोलण्याची ती वेळ निघून गेली होती.